आई-बाबांना चक्कर येते तेव्हा एमआरआयच्या आधी काय तपासायचं?

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चक्कर यायला लागली की आपल्याकडे पुढचा प्रवास ठरलेला असतो. फॅमिली डॉक्टर खुर्चीत बसवून बीपी बघतात आणि चक्करची गोळी लिहून देतात. महिनाभरात फरक पडत नाही. मग मानेचा एक्स-रे निघतो, मणके झिजलेले दिसतात आणि गळ्यात पट्टा येतो. पुढे कान-नाक-घसा, त्यापुढे न्यूरोलॉजिस्ट आणि शेवटी एमआरआय. रिपोर्टात 'वयानुरूप बदल' असतात. घरचे हुश्श करतात आणि आईची चक्कर आहे तिथेच राहते. एवढ्या जाडजूड फाइलीत एक आकडा बहुधा कुठेच नसतो: उभं राहिल्यावर तिचं बीपी किती होतं.

म्हाताऱ्या माणसांच्या चक्करची नेहमीची कारणं तपासणीच्या पलंगावर, बीपीच्या पट्ट्यात, ईसीजीच्या कागदावर, साध्या रक्तचाचणीत आणि औषधांच्या पिशवीत सापडतात. या तपासण्यांना पैसा कमी लागतो, वेळ मात्र लागतो, आणि बाहेर पेशंटांची रांग असताना नेमका वेळच नसतो. म्हणून त्या राहून जातात. घरच्यांनी थोडी तयारी करून जायचं आणि काय हवं ते नेमकं मागायचं, एवढं आपल्या हातात आहे. 'वय झालं, चालायचंच' हे निदान नव्हे. या वयात चक्कर सर्रास येते हे खरं, पण म्हणून तिचं कारण शोधायचं सोडून द्यावं असं काही नाही.

ज्यात तयारीबियारीला वेळ नसतो ते आधी सांगून टाकू. चक्करबरोबर बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात किंवा पाय बधिर पडला, एकाचे दोन दिसायला लागले, पाणी गिळताना ठसका लागला, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा डोकं वा मान कधी नव्हे इतकी दुखायला लागली, तर तो पक्षाघात समजायचा. मधुमेह असेल तर तिथल्या तिथे साखर बघायची, 108 ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हा वेळ माणूस शेवटचं धडधाकट दिसलं तेव्हापासून मोजतात, म्हणून ती वेळ लिहून ठेवायची. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात हातपाय शाबूत राहू शकतात. शिवाय त्या भागातला ताजा झटका सीटीमध्ये पुष्कळदा दिसत नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत कधीकधी एमआरआयमध्येही निसटतो. त्यामुळे 'सीटी नॉर्मल आहे, घरी न्या' असं कुणी म्हटलं आणि आई धरल्याशिवाय दोन पावलंही टाकू शकत नसेल, तर न्यूरोलॉजिस्टने बघितल्याशिवाय घरी न्यायचं नाही. छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, डांबरासारखी काळी शौच, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलेला मार, यातलं काही असेल तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

कशी येते ते सोडा, कधी येते आणि किती वेळ राहते ते सांगा

"आजी, गरगरतंय का?"
"हो."
"की डोळ्यांपुढे अंधारी येते?"
"तसंही होतं."
"तोल जातो?"
"जातो की!"

तिन्हीला हो. आजी खोटं बोलत नसतात. ज्याला चक्कर येते त्याला ती नेमकी कशी ते सांगताच येत नाही. तरी बरीच वर्षं डॉक्टरांना हेच शिकवलं जायचं की गरगरणं म्हणजे कान, अंधारी म्हणजे हृदय, झोक जाणं म्हणजे नसा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आपत्कालीन विभागातल्या रुग्णांना चक्कर कशी आहे ते विचारलं आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारला. निम्म्या लोकांनी उत्तर बदललं. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते, ही उत्तरं मात्र बरीच पक्की निघाली. आता चांगले डॉक्टर हेच दोन प्रश्न आधी विचारतात.

अंथरुणात कूस बदलताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर संशय कानावर. उठून उभं राहिल्यावर येते, बसलं की जाते, तर बीपीवर. टीव्ही बघत बसल्या जागी, कशाचाही संबंध नसताना काही सेकंद सगळं काळोखं होतं, तर हृदयाच्या ठोक्यांवर. अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त भोवंडतं, कानात आवाज येतो, त्या कानाने कमी ऐकू येतं, तर मेनियरचा आजार (आतल्या कानाचा एक विकार) मनात येतो. जन्मभर अर्धशिशी असलेल्या बाईला तशीच तासन्‌तास चक्कर आली तर ती अर्धशिशीचीच असू शकते. एकदा सुरू झाली आणि दिवसभर, दुसऱ्या दिवशीही थांबलीच नाही, तर कानाच्या नसेची सूज किंवा पक्षाघात. आणि बसलेलं असताना अगदी ठीक, चाललं की झोकांड्या, हे महिनोन्‌महिने चालू असेल तर पायांच्या नसा, नजर, गुडघे, मेंदू आणि औषधं असा मोठा पसारा तपासावा लागतो.

कूस बदलण्याचा प्रश्न तेवढा नक्की विचारा. उठताना येणारी चक्कर कानाचीही असू शकते आणि बीपीचीही. पण आडवं असताना नुसती कूस बदलल्याने बीपी पडत नाही. तेव्हाही गरगरत असेल तर पारडं कानाकडे झुकतं.

हे सगळं डॉक्टरांसमोर आठवून सांगणं अवघड जातं. त्यातून केबिनमध्ये शिरल्यावर बहुतेक आया "तशी बरी आहे मी" म्हणून मोकळ्या होतात. खर्चाची भीती असते, आणि एकटीने देवळात किंवा भाजीला जाणं बंद होईल ही त्याहून मोठी. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं: किती वाजता, काय करत असताना, किती वेळ, आधी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी म्हणजे अर्धं निदान. चक्कर आलेली असताना मोबाइलवर व्हिडिओ घेता आला तर फारच चांगलं: डोळे जवळून, उघडे, आणि जमलं तर चार पावलं चालतानाची चाल. मुलगा न्यू जर्सीत आणि आई डोंबिवलीत असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याने हे एवढं करावं.

पडण्याचीही नोंद ठेवा. "पाय घसरला" असं आजोबा सांगतात तेव्हा कधीकधी ते आधी काही क्षण बेशुद्ध झालेले असतात आणि ते त्यांच्या लक्षातच राहत नाही. कोरड्या, सपाट फरशीवर पाय कसा घसरला हे विचारायला हवं. पाहणारं कुणी असेल तर त्याला डॉक्टरांकडे न्या, किंवा तिथूनच फोन लावून द्या.

उभ्याने बीपी

माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तरुणपणी शिरा लगेच आकसतात, हृदय जरा जोरात चालतं, आणि मेंदूला काही कळतही नाही. वयाबरोबर ही यंत्रणा मंदावते. मधुमेहाने किंवा पार्किन्सनने तिच्या नसाच खराब होतात, आणि बीपीच्या, लघवीच्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या गोळ्या तिला आणखी लंगडं करतात. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ती घट ठरते.

मोजायची पद्धत अशी. पाच मिनिटं उताणं झोपवायचं, न बोलता. बीपी आणि नाडी घ्यायची. पट्टा दंडावर तसाच ठेवून उभं करायचं. एका मिनिटाने पुन्हा, तीन मिनिटांनी पुन्हा. पाठीमागे खुर्ची हवी आणि शेजारी घट्ट धरणारं माणूस. पट्टा बांधलेला हात हृदयाच्या पातळीवर हवा. तो खाली लोंबकळत राहिला तर आकडा जास्त येतो. घरातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर हे चांगलं जमतं, फक्त मनगटाचं नको, दंडाचं घ्या. सकाळी उठल्या उठल्या एकदा, गोळ्या घेतल्यावर दोन-तीन तासांनी एकदा, आणि दुपारच्या जेवणानंतर तासाभराने एकदा. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि काही वृद्धांचं बीपी तेव्हाच पडतं. सकाळच्या ओपीडीत ते दिसणार कसं?

समजा, आडवं असताना 160, एका मिनिटाला 128, तीन मिनिटांना 118, आणि नाडी जवळपास तिथेच. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवला की बोलण्याचा नूरच बदलतो. बीपी इतकं उतरूनही नाडी वाढली नाही तर नसांमधला बिघाड सुचतो. नाडी भराभर वाढली तर पाणी कमी पडलं असेल, रक्त कमी असेल किंवा गोळी जास्त होत असेल. या उदाहरणात एक सापळाही आहे. फक्त बसवून किंवा झोपवून बीपी बघणारे डॉक्टर 160 बघून गोळी वाढवतील, उभ्याने बीपी आणखी पडेल, चक्कर वाढेल, मग चक्करची गोळी सुरू होईल. हे चक्र वर्षानुवर्षं चाललेली घरं आहेत, आणि त्यात दोष एका न मोजलेल्या आकड्याचा असतो.

सापडल्यावर उपाय बरेच आहेत. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलणं हा पहिला, आणि तो डॉक्टरांचा. बाकी घरचे: उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसणं, पावलं वरखाली हलवणं, मग उभं राहणं. उठायच्या आधी दोन मोठे पेले पाणी भरभर प्यायलं तर थोड्या वेळात बीपी चढतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्यावर बंधन असेल त्यांनी मात्र विचारल्याशिवाय हे करू नये, आणि मीठ तर कुणीच मनाने वाढवू नये. पोटाला पट्टा बांधण्याचा पायमोज्यांपेक्षा जास्त उपयोग होतो. पुरुषांनी रात्री लघवी बसून करावी. कढत पाण्याच्या अंघोळीने शिरा सैलावतात, त्यातून न्हाणीघराची कडी आतून लावलेली. तेव्हा पाणी कोमट आणि कडी उघडी.

कानातले कण

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या. गवंड्याच्या पाणसळीसारखं त्यांचं काम: डोकं कुठल्या दिशेने, किती वेगाने वळलं, हे मेंदूला कळवायचं. शेजारच्याच एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने किंवा काहीच न घडता त्यातले काही सुटतात आणि नळीत उतरतात. मग डोकं हललं की कण घरंगळतात, द्रव ढवळला जातो, आणि मेंदूला वाटतं आपण गरागरा फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. म्हातारपणी हे अतिशय नेहमीचं कारण आहे. वृद्धांना त्यात गरगरण्याऐवजी नुसतं डगमगल्यासारखंही वाटू शकतं, म्हणून ते सहज निसटतं.

निदान पलंगावर होतं. 1952 साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी या तपासणीची पद्धत घालून दिली, म्हणून तिचं नाव डिक्स-हॉलपाइक. पलंगावर पाय लांब करून बसवतात, मान एका बाजूला 45 अंश वळवतात, आणि डॉक्टर डोकं दोन्ही हातांत धरून झपकन मागे झोपवतात, डोकं पलंगाच्या कडेच्या किंचित खाली जाईल असं. डोळे उघडे. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे फिरत फिरत झटके द्यायला लागतात, आई डॉक्टरांचा हात गच्च धरते, "फिरतंय, फिरतंय" म्हणते, आणि मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. निदान झालं. त्याच पलंगावर उपचारही होतो: डोकं ठरावीक क्रमाने वळवत वळवत कण नळीतून पुन्हा पिशवीत परत पाठवायचे. ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन एपली यांची. इतक्या साध्या उपायाला त्यांचे समव्यवसायिक आधी हसले होते. बहुतेकांना एक-दोन वेळा केल्यावर बरं वाटतं. नंतर 'दोन रात्री बसून झोपा' असं अजून सांगितलं जातं, त्याची गरज नाही. कण पुन्हा सुटू शकतात, तेव्हा परत जायचं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढल्याने पुन्हा होण्याचं प्रमाण घटतं.

चाचणीत काही दिसलं नाही तर झोपवून डोकं दोन्ही कुशींवर वळवून बघायचं असतं, कारण कण आडव्या नळीतही शिरतात. हे केलं का, ते विचारायला संकोच नको. मानेचा किंवा कण्याचा गंभीर आजार असेल तर तेही आधी सांगायचं. आणि यूट्यूब बघून आईवर घरी पहिला प्रयोग नको. कुठला कान, कुठली नळी हे कळल्याशिवाय डोकं फिरवण्यात काही अर्थ नसतो.

औषधांची पिशवी

सगळ्या गोळ्या, थेंब, मलमं, काढे, चूर्णं, सांधेदुखीवाल्याने दिलेल्या पुड्या, शेजारणीने सुचवलेली झोपेची गोळी, सगळं एका पिशवीत घालून न्यायचं. यादी पुरत नाही, कारण यादीत आई जे घेते त्यातलं निम्मंच असतं. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी, दोन डॉक्टरांकडून, हा प्रकार पिशवी टेबलावर ओतल्यावरच बाहेर येतो.

बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी एकत्र असेल तर उभ्याने बीपी पडायला तेवढं पुरतं. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुतेक वेळा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध असतं, आणि त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. ते 135 च्या खाली गेलं की म्हातारं माणूस आधी नुसतं झोकांड्या खातं, गोंधळल्यासारखं वाटतं, आणि घरच्यांना ते वय वाटतं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू आहे आणि एकादशी निरंकार केली, तर दुपारी आलेली चक्कर साखर 70 च्या खाली गेल्याची असू शकते. चातुर्मास सुरू होण्याआधी उपासाच्या दिवशी कुठली गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबालिन अशा झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या किंवा नसांच्या दुखण्याच्या गोळ्यांनी तोल जातो.

एक मात्र भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: काचबिंदूचे थेंब. टिमोलॉलचे थेंब डोळ्यांतून नाकाच्या आतल्या त्वचेत उतरतात, तिथून रक्तात जातात, आणि हृदयाचे ठोके मंद करतात. वर बीपीसाठी त्याच जातीची गोळी, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, चालू असेल तर नाडी चाळिशीत गेलेली सापडते. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात जाणारं प्रमाण कमी होतं. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, आणि थेंबांना आपण औषध समजतच नाही.

आणि खुद्द चक्करची गोळी. प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिन या गोळ्या तीव्र झटक्यात दोन-तीन दिवसांसाठी ठीक आहेत. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू तोल सांभाळायला नव्याने शिकतो ते त्या रोखतात, सुस्ती आणतात, आणि वृद्धांमध्ये कंप, ताठरपणा, पाय घासत चालणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण करू शकतात. अर्धशिशीसाठी आणि चक्करसाठी दिलं जाणारं फ्लुनॅरिझिनही त्याच माळेतलं. मग कुणीतरी पार्किन्सनचंच औषध सुरू करतं, त्याने उभ्याने बीपी पडतं, आणि चक्कर वाढते. चक्करसाठीच दिलं जाणारं बीटाहिस्टिन तुलनेने निरुपद्रवी आहे, पण कानातले कण त्याने जागचे हलत नाहीत. आणि ज्या मेनियरसाठी ते प्रामुख्याने दिलं जातं, त्यातही 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जर्मन चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं रिपीट होत राहणाऱ्या औषधांत याचा नंबर बराच वर लागावा.

तरी कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर हृदयालाच धोका होतो. "यातली कुठली कमी करता येईल?" असं विचारायचं.

ईसीजी दहा सेकंदांचा असतो

ईसीजी प्रत्येकाचा काढायलाच हवा. पण तो फक्त त्या दहा सेकंदांचा हिशेब असतो. महिन्यातून एकदा हृदय चार-पाच सेकंद थांबत असेल तर ते त्यात पकडलं जाण्याची शक्यता नाहीच म्हणा. म्हणून होल्टर लावतात, छातीला चिकटवलेलं यंत्र 24 किंवा 48 तास प्रत्येक ठोका नोंदवतं. चक्कर रोज येत असेल तर होल्टर उत्तम. आठवड्यातून एकदा येत असेल तर आठवडा-दोन आठवडे चालणारी पट्टी मागावी. दोन-तीन महिन्यांतून एकदा शुद्धच हरपत असेल तर छातीच्या त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो, तो सुमारे तीन वर्षं नोंद ठेवतो. 'होल्टर नॉर्मल' या शेऱ्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी काही झालं नाही. होल्टर लावलेल्या दिवशी चक्कर आली आणि ठोके त्या वेळी व्यवस्थित होते, तर मात्र ते पक्कं उत्तर आहे: हृदयाच्या ठोक्यांचा यात संबंध नाही. म्हणून यंत्र लावलेलं असताना चक्करची वेळ घड्याळात बघून लिहायची, आणि त्या दिवशी आईला अंथरुणात झोपवून न ठेवता नेहमीची कामं करू द्यायची.

जिना चढताना, देवळाच्या पायऱ्या चढताना चक्कर येत असेल तर 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लवकर करा. महाधमनीची झडप आवळली गेली असेल तर असंच होतं, आणि स्टेथोस्कोपने त्याचा आवाज बहुधा ऐकू येतो. ठोके मंद पडून पेसमेकर लागलाच, तर 70 वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर 2024 पासून आहे, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. ते दाखल होऊन केलेल्या उपचारांसाठी, ओपीडीतल्या तपासण्यांसाठी नाही.

रक्ताचं थोडक्यात: हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, थायरॉइड आणि बी 12. शाकाहारी माणूस, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी पँटोप्रॅझोल, म्हणजे बी 12 कमी असण्याची पुरेपूर तयारी. त्याने पायांच्या नसा बधिर होतात आणि अंधारात, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो.

आता मान. सत्तरीतल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झिजलेले मणके दिसतीलच, चक्कर असो वा नसो. एक्स-रेत दिसलं म्हणजे चक्करचं कारण सापडलं असं होत नाही, आणि पट्टा घालून मान आखडते ती वेगळीच. मानेच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलरचंही (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचंही) तसंच: त्या वाहिन्या मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवतात, तिथल्या अडथळ्याने बोलणं जातं, हात-पाय जातो, नुसती चक्कर सहसा येत नाही. एमआरआय नकोच असं नाही. एका कानाने ऐकू येणं कमी होत असेल, चाल हळूहळू बिघडत असेल, पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नसतील आणि जोडीला लघवीवर ताबा राहत नसेल वा विसरभोळेपणा वाढत असेल, तर तो करायलाच हवा. तपासणी लिहून दिली की "यात काय निघालं तर उपचार बदलेल?" एवढं नम्रपणे विचारायचं. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

सुरुवात कुणाकडे करायची, तर फिजिशियनकडे. कूस बदलताना येत असेल तरच थेट कान-नाक-घसा, आणि आधी फोन करून विचारा की तिथे डिक्स-हॉलपाइक करतात का. जमल्यास सकाळची पहिली किंवा शेवटची वेळ घ्या. आईला झोपवून, उभं करून बघायला तेव्हाच सवड मिळते. सोबत कॅलेंडरचा फोटो, बीपीच्या नोंदी, पिशवी, जुने ईसीजी. नवीन ईसीजीइतकाच पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी मोलाचा असतो, कारण तुलना करता येते. बोलायला आधी आईला द्यायचं. मुलाने मध्ये मध्ये भर घातली की ती गप्प होते.

सगळं होऊनही एक मोठं कारण सापडत नाही असं बऱ्याचदा होतं. तेव्हा चार छोटी असतात: थोडा मोतीबिंदू, थोड्या बधिर टाचा, उभ्याने 15 ने उतरणारं बीपी, आणि एकदा पडल्यापासून बसलेली धास्ती. 15 हे 20 पेक्षा कमी म्हणून कागदावर ते नॉर्मल ठरतं, बाकीचंही किरकोळ ठरतं, आणि चारही मिळून माणसाला घरात बसवतात. मोतीबिंदू काढून घेणं, खालचं धूसर दिसणाऱ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याऐवजी चालायला साधा दूरचा चष्मा, बी 12 भरून काढणं, आणि तोलाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, यांनी फरक पडतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिले काही दिवस चक्कर वाढल्यासारखी वाटते. तिथेच बरेच जण सोडतात. ते अपेक्षितच असतं हे आईला आधी सांगून ठेवा, आणि सहा आठवड्यांनी तेच कॅलेंडर घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. एक कारण सापडून बरं झालं तरी चक्कर अर्धीच गेली असेल, तर दुसरं शोधायला सांगा.